रक्त मोजल्याशिवाय ‘सुखरूप’ म्हणू नका

घरात बाळ जन्माला आलं की पहिला निरोप ठरलेला असतो: ‘मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप.’ आजीच्या काळी तो पोस्टकार्डानं जायचा, आता व्हॉट्सॲपवर जातो, शब्द मात्र तेच राहिले आहेत. माझ्या वहिनीच्या पहिल्या बाळंतपणात हा निरोप नातेवाइकांना पाठवायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी दहाच्या सुमाराला मी तो पाठवला. साडेबाराला वहिनी पांढरीफटक पडली होती, हातपाय गार, ओठ सुकलेले, आणि भाऊ रक्ताच्या पिशवीसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला धावला होता. मधल्या अडीच तासांत आईनं सिस्टरना दोनदा बोलावलं होतं. ‘थोडं अंगावरून जातंच हो काकू, घाबरू नका,’ हेच उत्तर दोन्ही वेळा मिळालं. सिस्टर काही वाईट नव्हत्या. रात्रभर जागलेल्या होत्या, आणि त्यांना ते खरंच थोडं वाटत होतं.

वहिनी वाचली. घरी आल्यावर मी तिचं डिस्चार्ज कार्ड वाचलं. बाळाचं वजन ग्रॅमपर्यंत लिहिलेलं होतं. वहिनीला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्याची नोंद होती. तिच्या अंगातून किती रक्त गेलं, हा आकडा कुठेच नव्हता. कुणी मोजलंच नव्हतं.

हा लेख त्या न लिहिलेल्या आकड्याबद्दल आहे. माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक लेबर रूममध्ये, मग ती सरकारी असो की खासगी, बाळंतिणीचं गेलेलं रक्त मोजणं बंधनकारक करा, आकडा तिच्या कार्डावर लिहा, आणि तो आकडा दिसताच उपचार सुरू करण्याचा अधिकार तिथं उभ्या असलेल्या नर्सला द्या. ही मागणी फार लहान वाटेल, कारण बाळंतपणाच्या धोरणाची चर्चा आपल्याकडे योजनांची नावं, अनुदानं आणि नव्या इमारती यांच्याभोवती चालते. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं संशोधन वाचत गेले तसतशी माझी खात्री होत गेली की आपलं धोरण नेमकं इथंच अडलं आहे.

आधी शरीरात काय होतं ते बघू. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. बाळ बाहेर येतं, वार सुटते, आणि वार जिथं चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या बंद होतात त्या गर्भाशयाचे स्नायू घट्ट आवळल्यामुळे. बायका ज्याला ‘पिशवी आवळली’ म्हणतात ते हेच. पिशवी आवळली नाही, सैल राहिली, तर धडधाकट बाईचाही जीव दोन-चार तासांत जाऊ शकतो. भारतात मातामृत्यूंचं सर्वांत मोठं कारण आजही हा रक्तस्रावच आहे. वैद्यकीय व्याख्येनुसार प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त गेलं की तो धोक्याचा रक्तस्राव.

पाचशे मिलिलिटर म्हणजे दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी. आता विचार करा, ही पिशवी फरशीवर फुटली तर सगळं दूध डोळ्यांपुढे असतं, अंदाज येतो. तेच दूध रबरी शीटवर, चादरीत, दोन-तीन पॅडमध्ये आणि खालच्या बादलीत वाटलं गेलं, त्यात गर्भजल मिसळलं, आणि हे सगळं मिणमिणत्या उजेडात चाललेलं असेल, तर किती सांडलं हे कोण सांगेल? जगभरच्या लेबर रूममध्ये हा अंदाज डोळ्यांनी घेतला जातो, आणि तो चुकतो. गंमत नव्हे, जीवघेणी गोष्ट अशी की तो बहुतेक वेळा कमीच्या बाजूला चुकतो. जितकं रक्त जास्त जातं, तितका अंदाज जास्त कमी पडतो.

हे आपल्याला कुणी शिकवलं? बेळगावनं. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी अमेरिकी संशोधकांबरोबर जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात एक मोठी चाचणी केली. १,६२० बायका त्यात होत्या. घरी किंवा उपकेंद्रात होणारी बाळंतपणं, हाताशी डॉक्टर नाही, पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन नाही, असली तर फक्त एएनएम. प्रसूती होताच त्या नर्सबाईंनी निम्म्या बायकांना पिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. धोक्याचा रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला, आणि अगदी गंभीर रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर. २००६ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि साध्या गोळ्यांनी बाळंतिणी वाचवता येतात हे जगाला पटलं.

या चाचणीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र गोळी नाही. गोळीचा उपयोग होतो की नाही हे ठरवायला रक्त अचूक मोजावं लागणार होतं, तेही झोपडीत, कंदिलाच्या उजेडात. त्यासाठी या गटानं प्लास्टिकचं एक साधं कापड वापरलं. ते बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायचं, पोटाशी बांधायचं, खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी आणि तिच्यावर मापाच्या रेघा. रक्त पिशवीत उतरतं, रेघ वाचायची. बस. याच गटानं पुढे तुलना करून दाखवलं की डोळ्यांनी केलेला अंदाज या पिशवीच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे सिस्टर ‘साडेतीनशे असेल’ म्हणतात तेव्हा पाचशेची रेघ कदाचित ओलांडलेली असते. माझ्या वहिनीच्या खोलीत त्या दिवशी हेच झालं असणार.

मराठी माणसाच्या तोंडी बेळगावचं नाव रोज असतं, सीमाप्रश्नाच्या निमित्तानं. बाळंतपणाच्या विज्ञानात या शहरानं काय कमावलं हे किती जणांना ठाऊक आहे? मला ते माहीत व्हायला माझी चाळिशी उजाडावी लागली, आणि तेही घरात संकट आल्यावर.

त्यानंतर पंधराएक वर्षं ती पिशवी संशोधनाच्या साहित्यातच पडून राहिली. मग बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटनेनं केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत ‘ई-मोटिव्ह’ नावाची चाचणी घेतली. दोन लाखांहून अधिक बायका. कल्पना अशी की मापाच्या रेघा असलेलं कापड प्रत्येक नॉर्मल बाळंतपणात वापरायचं, आणि रक्त ठरावीक रेघेला पोचलं की पाच उपचार एकामागून एक नव्हे, तर एकदमच सुरू करायचे: पोटावरून गर्भाशय चोळणं, ते आवळणारी औषधं, रक्त थांबायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, आणि रक्त कुठून येतंय याची तपासणी. गुण आला नाही तर लगेच वरच्या डॉक्टरकडे. पूर्वी काय व्हायचं? एक उपाय करायचा, वाट बघायची, दुसरा करायचा, पुन्हा वाट बघायची. तोवर बाई हातातून जायची.

२०२३ मध्ये निकाल आला. एक लिटरहून अधिक रक्तस्राव, रक्तस्रावासाठी पोट उघडायची वेळ किंवा त्यामुळे मृत्यू, या तिन्हींचं मिळून प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत ४.३ टक्के होतं. नव्या पद्धतीत ते १.६ टक्के झालं. रक्तस्राव वेळेत ओळखला जाण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेलं. हा दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. नेहमीच्या पद्धतीत ज्यांना रक्तस्राव होत होता त्यांतल्या जवळपास निम्म्या जणींचा रक्तस्राव शेजारी उभ्या असलेल्या माणसांच्या लक्षातच येत नव्हता. त्याच वर्षाच्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेनं ही पद्धत सर्व देशांना सुचवली, आणि २०२५ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत एक पाऊल पुढं टाकलं. पाचशेची वाट बघू नका. तीनशे मिलिलिटर रक्त गेलं असेल आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडू लागला असेल तर तिथंच उपचार सुरू करा.

हे आपल्या बायकांसाठी किती महत्त्वाचं आहे ते एका आकड्यावरून कळेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, भारतातल्या ५२.२ टक्के गर्भवतींच्या अंगात रक्त कमी होतं. चौथ्या फेरीपेक्षा हे प्रमाण वाढलं होतं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन बारा आहे तिचं अर्धा लिटर आणि जिचं सात आहे तिचं अर्धा लिटर, ही एकच गोष्ट नव्हे. मुळात गाठीला थोडेच पैसे असलेल्या घरातून पाचशे रुपये गेले तर तिथं चूल थंड पडते. ऊसतोडीच्या फडावरून थेट कळा द्यायला आलेल्या बाईला तीनशेची रेघसुद्धा फार लांबची आहे.

मग आपण हे का करत नाही? काही मोठ्या रुग्णालयांत ही कापडं आली आहेत, काही ठिकाणी प्रशिक्षणं होत आहेत, ते मान्य. पण राज्याचं धोरण म्हणून, प्रत्येक बाळंतिणीचा हक्क म्हणून हे का येत नाही? माझ्या मते याचं उत्तर आपण गेली वीस वर्षं काय मोजत आलो त्यात आहे.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. बाळंतपण दवाखान्यात झालं की आईला पैसे, आशाताईला पैसे. २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानं सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जाण्यायेण्याची गाडी सगळं मोफत केलं. देशात दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के झालं. महाराष्ट्रात तर ९४.७ टक्के. हे यश खरं आहे आणि ते आशाताईंच्या पायांनी मिळवलेलं आहे. महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण २००४-०६ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १३० होतं, २०१८-२० मध्ये ३३ झालं. हे आकडे बघून ज्याला आनंद होत नाही त्याला या विषयावर बोलायचा अधिकार नाही.

पण सगळी यंत्रणा एकाच प्रश्नावर जुंपली गेली: बाई दवाखान्यात आली का? दाराच्या आत तिचं काय झालं, हा प्रश्न मागे पडला. जननी सुरक्षा योजनेनंतर नऊ राज्यांतल्या २८४ जिल्ह्यांचा अभ्यास झाला होता. दवाखान्यातली बाळंतपणं पाच वर्षांत २० टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेली, पण जिथं हे प्रमाण जास्त वाढलं तिथं मातामृत्यू जास्त घटले, असं दिसलं नाही. दवाखाना ही जागा आहे, उपचार नव्हे. जागा बदलून रक्त थांबत नाही.

इथं एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो आणि तो मी टाळणार नाही. उत्तर प्रदेशात ‘बेटरबर्थ’ नावाची अवाढव्य चाचणी झाली होती, १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त आया आणि बाळं. सुरक्षित बाळंतपणासाठी २८ मुद्द्यांची यादी केली, नर्सना महिनोन्‌महिने शेजारी उभं राहून शिकवलं. २०१७ मध्ये निकाल आला. नर्सचं काम सुधारलं होतं, हात धुणं वाढलं होतं, योग्य वेळी औषध देणं वाढलं होतं. पण आई-बाळांचे मृत्यू आणि गंभीर आजार यांत फरक पडला नाही. मग आणखी एक कापड, आणखी एक रकाना भरून काय होणार?

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. यादी माणसाला आठवण करून देते, पण समोरची बाई धोक्यात आहे हे ती सांगत नाही. अठ्ठावीस खुणा केल्या की काम झाल्यासारखं वाटतं. पिशवीवरची रेघ वेगळी आहे. ती या बाईबद्दल, या क्षणी बोलते, खोलीतल्या प्रत्येकाला दिसते, आणि तिच्यापुढे काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं, औषधं एकाच ट्रेमध्ये तयार असतात. मापाला उपचार बांधलेला आहे म्हणून ते चालतं. बांधलेला नसेल तर चालणार नाही, आणि माझी भीती हीच आहे की आपलं आरोग्य खातं कापडं खरेदी करील, रकाना छापील आणि ट्रे रिकामा ठेवील.

रिकाम्या ट्रेची भीती हवेतली नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ऑक्सिटोसिन बनवायला खासगी कंपन्यांना बंदी केली आणि देशभराचा पुरवठा एका सरकारी कंपनीवर सोपवायचं ठरवलं. कारण काय, तर गाई-म्हशींना पान्हा सोडायला लावण्यासाठी या औषधाचा गैरवापर होतो. ज्या औषधावर देशातल्या कोट्यवधी बाळंतिणींची पिशवी आवळते, त्याचा निर्णय गोठ्याकडे बघून घेतला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. बाळंतिणींसाठी त्या वेळी न्यायालयात जावं लागलं, यातच आपल्या प्राधान्यक्रमाचं सगळं चित्र आहे. शिवाय ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागतं, दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये. विदर्भातल्या मे महिन्यात, वीज गेलेल्या आरोग्य केंद्रात त्याचं काय होतं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरी गोष्ट मृत्यूंच्या मोजणीची. लाखामागे ३३ हा आकडा नमुना सर्वेक्षणातून येतो, तो राज्याचा असतो. त्यातून जिल्हा दिसत नाही. पुण्याची बाई आणि धडगावची बाई त्यात एकाच सरासरीत मिसळतात. आणि मृत्यू ही फक्त टोकाची गोष्ट. जी वाचली पण महिनाभर उठून बसू शकली नाही, जिला दूध आलं नाही, जिचं गर्भाशय काढावं लागलं, ती कुठल्याच आकड्यात नाही. माझी वहिनी सरकारच्या लेखी एक यशस्वी संस्थात्मक प्रसूती आहे.

न मोजलेलं दुखणं किती मोठं असतं हे याच महाराष्ट्रात दाखवून दिलं गेलं आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एक ना एक त्रास होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. जगातल्या तज्ज्ञांना तोवर वाटत होतं की गरीब देशांतल्या बायकांचा प्रश्न म्हणजे गरोदरपण आणि पाळणा लांबवणं, बाकी काही नाही. पुढे बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत घरी बाळंत होणाऱ्या ७७२ बायकांच्या पाठीशी राहून नोंदी केल्या. निम्म्याहून जास्त जणींना बाळंतपणात किंवा नंतर काही ना काही आजार झाला, आणि तो प्रसूतीच्या वेळेपेक्षा नंतरच्या आठवड्यांत जास्त होता. आपल्याकडे सव्वा महिना पाळतात तो उगीच नाही. पण त्या सव्वा महिन्यात शेक-शेगडी, अळीव, डिंकाचे लाडू सगळं होतं आणि अंगावरून किती जातंय हे सासूला सांगायची सुनेला लाज वाटते. घरी भेटीला येणाऱ्या आशाताईच्या फॉर्ममध्ये आईसाठी प्रश्न आहेत, पण घरातले सगळे बाळाच्या वजनकाट्याभोवती जमलेले असतात. ती सहा-सात भेटींची पद्धतही गडचिरोलीतूनच देशात गेली, हे इथं सांगायलाच हवं.

आता सिझरबद्दल, कारण त्याशिवाय महाराष्ट्रातल्या बाळंतपणाबद्दल बोलणं अपुरं राहील. पाचव्या सर्वेक्षणात देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली. सरकारी दवाखान्यांत १४.३, खासगीत ४७.४. महाराष्ट्राची सरासरी २५.४. पंधरा वर्षांपूर्वी देशाचा आकडा ८.५ होता. यावर दोन बाजूंनी आरडाओरड होते. एकीकडे ‘डॉक्टर पैशासाठी कापतात’, दुसरीकडे ‘हल्लीच्या मुलींना कळा सोसायला नकोत’. दोन्ही बोलण्यांत बाईचा विचार नाही. सिझरमुळे जीव वाचतात, आणि मेळघाटात वेळेवर न झालेल्या सिझरमुळे ते जातात. पण गर्भाशयावरचा प्रत्येक व्रण पुढच्या खेपेसाठी धोका ठेवून जातो. वार त्या व्रणावर बसली, आत रुतली, तर प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव भल्याभल्या सर्जनचे हात थरथरायला लावतो. आजचं अनावश्यक सिझर हा चार वर्षांनंतरचा रक्तस्राव असू शकतो. म्हणून मला हे दोन वेगळे विषय वाटत नाहीत.

सिझरवर टक्क्यांची मर्यादा घालणं मात्र चूक ठरेल. गुंतागुंतीच्या केसेस घेणाऱ्या रुग्णालयाचा आकडा जास्त असणारच, आणि मर्यादा घातली तर ते अशा बायकांना दारातूनच परत पाठवील. रॉबसन वर्गीकरण नावाची एक पद्धत आहे. २००१ पासून ती वापरात आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं ती स्वीकारली आहे. पहिलटकरीण आहे का, दिवस भरलेत का, बाळ डोक्याकडून आहे का, कळा आपणहून सुरू झाल्या का, आधीचं सिझर आहे का, अशा साध्या प्रश्नांवरून बायकांचे दहा गट पडतात. पहिलटकरीण, दिवस भरलेले, एकच बाळ, डोकं खाली, कळा आपणहून आलेल्या, या पहिल्या गटात तुमच्याकडे किती सिझर झाली, एवढंच प्रत्येक रुग्णालयानं दाराशी लावावं. २०१७ मध्ये मुंबईतल्या एका महिलेनं रुग्णालयांना सिझरचे आकडे जाहीर करायला लावा म्हणून ऑनलाइन मोहीम चालवली होती, लाखोंच्या संख्येनं लोकांनी तिला पाठिंबा दिला होता. ती मागणी सरसकट आकड्याची होती. या गटवारीनं ती अधिक न्याय्य होईल, डॉक्टरांनाही आणि बायकांनाही.

खासगी रुग्णालयांना हे सगळं लागू कसं करायचं, असं विचारतात. कायदा आहे की. महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा लागू आहे, आणि २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक झालं. त्याच नियमांत लेबर रूमसाठी मापाचं कापड, तयार ट्रे आणि दोन नोंदी, रक्त किती गेलं आणि सिझर कुठल्या गटात, एवढी भर घालायची आहे. प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं गुणवत्तेसाठी ऐच्छिक उपक्रम चालवले आहेत, चांगले आहेत, पण ऐच्छिक गोष्टी ज्यांना आधीच इच्छा आहे त्यांच्याचपर्यंत पोचतात.

डॉक्टर मित्रांची खरी भीती वेगळी आहे आणि ती मला रास्त वाटते. आकडा लिहिला की उद्या तोच आकडा पोलिसांच्या हातात जाईल, नातेवाईक काचा फोडतील. म्हणून मोजायचंच नाही, हा बचाव आहे. यावरचा मार्ग केरळनं दाखवला. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २००४ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय तपासणी सुरू केली. कागदावरून डॉक्टरचं, रुग्णालयाचं, बाईचं नाव काढायचं आणि फक्त काय चुकलं हे बघायचं. त्यातून रक्तस्राव हे मोठं कारण म्हणून पुढं आलं, त्यावर नियम बनले, नर्सपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना शिकवलं. २०१८-२० मध्ये केरळचं प्रमाण १९ होतं. ब्रिटननं अशी तपासणी १९५२ पासून चालवली आहे. आपल्याकडेही मातामृत्यूंची समीक्षा होते, पण ती जिल्हाधिकाऱ्यांपुढं, स्पष्टीकरणाच्या नोटिशीच्या छायेत होते. शिक्षेच्या भीतीनं भरलेला कागद कुणाला काही शिकवत नाही. तपासणी गोपनीय ठेवा, आणि तिच्यातून निघालेले धडे जाहीर करा.

आणि नर्सबद्दल. आफ्रिकेतल्या त्या चाचणीत पहिले उपचार सुरू करणाऱ्या बहुतेक वेळा प्रशिक्षित सुईणी आणि नर्स होत्या. आपल्याकडे सिस्टर वीस वर्षं बाळंतपणं करत असतात, बाईचा चेहरा बघून त्यांना कळतं, तरी एका इंजेक्शनसाठी फोनवर डॉक्टरची वाट बघावी लागते. २०१८ मध्ये केंद्रानं प्रसूतीसाठी खास प्रशिक्षित परिचारिकांचं धोरण आणलं, दीड वर्षाचं शिक्षण, स्वतंत्र पद. वेग मात्र फार कमी आहे. ज्या राज्यानं आशाताईंवर एवढा विश्वास टाकला त्याला सिस्टरवर टाकायला काय हरकत आहे? खर्चाची सबब तर कुणी सांगू नये. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भार बऱ्याच अंशी सरकारनं उचलला पाहिजे, कारण त्यात देशाचं हित आहे, असं मांडलं होतं. शंभर वर्षं होत आली.

राहता राहिल्या त्या बायका ज्या दवाखान्यात पोचतच नाहीत. महाराष्ट्रात वीसमधलं एक बाळंतपण अजूनही दवाखान्याबाहेर होतं. नर्मदाकाठच्या पाड्यांवर, भामरागडच्या पावसाळ्यात पूल बुडालेले असताना, झोळीतून नेताना वाटेत. आरोग्य खात्याच्या बैठकांत या बायका म्हणजे उद्दिष्टात राहिलेली तूट असते, त्यांना दवाखान्यात आणणं एवढंच ठरतं, आणि त्या येईपर्यंत त्यांच्यासाठी काहीच ठरत नाही. तिथं जाणाऱ्या एएनएमच्या बॅगेत मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि घडी घातलेलं ते कापड असायला हवं. बेळगावच्या नर्सबाईंनी वीस वर्षांपूर्वी तेच तर केलं होतं, अशाच घरांत, अशाच उजेडात. ती मापाची पिशवी मोठ्या रुग्णालयासाठी नव्हे, मुळात याच बायकांसाठी बनवली होती.